अमेरिकन फुटबॉल फेकताना चेंडू हवेत लटपटतो: चूक पकडीत, मनगटात की पायांत?

रानवारा:

नमस्कार मंडळी. हातानं फेकायच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या फुटबॉलबद्दल विचारतोय, आपल्याकडच्या पायानं खेळायच्या नाही. आम्ही न्यू जर्सीत. मुलगा दहा वर्षांचा, येत्या वसंतात त्याचा फ्लॅग फुटबॉल (अंगावर न जाता, कमरेचा पट्टा ओढून अडवायचा प्रकार) सुरू होतोय. घरात आजवर खेळ म्हणजे क्रिकेट, त्यामुळे दोघांनाही फेकणं म्हणजे डीपमधून कीपरकडे थ्रो, एवढंच ठाऊक.

अडचण अशी की चेंडू स्वतःभोवती गरगरत सरळ जात नाही. हवेत डुलत, लटपटत जातो आणि दहा यार्डांच्या आत पडतो. जोर लावला की आणखी लटपटतो. मुलाचा चेंडू तर बहुतेक वेळा समोरच्याच्या डोक्यावरून आणि उजवीकडे जातो. दोघेही उजव्या हाताचे. चेंडू मोठ्यांच्या मापाचा, रबरी आहे. व्हिडिओत एकजण म्हणतो मनगट फिरवा, दुसरा म्हणतो अजिबात फिरवू नका. कुठलं बोट कुठे ठेवायचं, मनगटाचं नेमकं काय करायचं आणि रोज किती फेकी करायच्या, हे कुणी नीट सांगेल का?

आडवाट:

आधी चेंडू बदला. मोठ्यांचा अधिकृत चेंडू ११ ते ११¼ इंच लांब, पोटाशी २१ ते २१¼ इंच घेराचा आणि १४ ते १५ औंसांचा असतो, म्हणजे ३९७ ते ४२५ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम. दहा वर्षांच्या मुलाच्या पंजात हा घेर बसत नाही. मग तो चेंडू तळव्यात दाबून धरतो, नाहीतर मनगट आत मुडपून पेलतो. दोन्ही सवयी एकदा लागल्या की पुढे लहान चेंडू दिला तरी जात नाहीत, म्हणून हे पहिलं काम.

अमेरिकेत मापं साधारण अशी मिळतात: सहा ते नऊ वर्षांसाठी पी-वी, नऊ ते बारासाठी ज्युनियर, बारा ते चौदासाठी यूथ, त्यापुढे मोठ्यांचा. तुमच्या मुलाला ज्युनियर. पण वयापेक्षा पंजा पाहा. फेकतानाची पकड घेऊन हात समोर सरळ करायला सांगा, तळवा जमिनीकडे, आणि चेंडू दोन-तीनदा हलका हलवायला सांगा. निसटला तर एक माप खाली या. यात कमीपणा काही नाही, लीगमध्येही वयोगटाप्रमाणे लहान चेंडूच वापरतात.

रबरी चेंडू काँक्रीटवर आणि पावसात टिकतो, पण कडक आणि गुळगुळीत असतो, बोटं धरत नाहीत. शिकण्यासाठी कॉम्पोझिट चामड्याचा, दाणेदार पृष्ठभागाचा घ्या. अस्सल चामड्याची गरज नाही. हवा किती भरायची ते व्हॉल्व्हजवळ छापलेलं असतं. मोठ्यांच्या चेंडूला १२.५ ते १३.५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते, लहानांच्या चेंडूंना बहुधा कमी. पंपाची सुई घालण्याआधी ओली करा, कोरडी सुई आतलं रबर फाडते. रग्बीचा चेंडू घेऊन शिकायचा विचार कुणी करत असेल तर करू नये. त्याचा घेर ५८ ते ६२ सेंटीमीटर, याचा ५३ ते ५४. शिवाय त्याला लेस, म्हणजे शिवणीवरची वर आलेली टाक्यांची रांग, नसते.

आता पकड. लेस वर येईल असा चेंडू डाव्या हातावर ठेवा. उजवा पंजा मध्यावर नाही, मध्याच्या मागे. करंगळी आणि अनामिका लेसवर. त्यातही करंगळी पुढच्या टाक्यावर, अनामिका तिच्या मागच्या. मधलं बोट लेस संपते तिथे, किंचित पलीकडे. तर्जनी लेसच्या बाहेर, मागच्या टोकाच्या दिशेनं, शिवणीला लागून. अंगठा चेंडूच्या खालून दुसऱ्या बाजूला. वरून पाहिलं तर तर्जनी आणि अंगठा मिळून इंग्रजी एल दिसला पाहिजे. बोटं फाकलेली हवीत, एकमेकांना चिकटलेली नकोत.

हात लहान असेल तर पंजा आणखी मागे सरकवा, जिथे चेंडू निमुळता होतो. मग लेसवर फक्त करंगळी राहिली तरी चालेल.

पकड बरोबर आहे का हे पाहायला दोन खुणा पुरतात. तळवा आणि चेंडू यांच्यामधून दुसऱ्या हाताचं एक बोट आत सरकलं पाहिजे. चेंडू बोटांच्या पेरांवर असतो, तळव्यावर नाही. आणि नखं पांढरी पडली असतील तर पकड फार घट्ट आहे. घट्ट धरलेला चेंडू सुटताना एकदम सुटतो, बोटांवरून घरंगळत सुटत नाही.

व्हिडिओंमध्ये वेगवेगळी पकड दिसते, कारण ती खरोखरच वेगवेगळी असते. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाला चार सुपर बोल (तिथल्या व्यावसायिक लीगचे अंतिम सामने) जिंकून देणारा टेरी ब्रॅडशॉ तर तर्जनी थेट मागच्या टोकावर ठेवायचा. त्याचा पंजा मोठा होता. नवशिक्यानं वर सांगितलेल्या पकडीपासून सुरुवात करावी आणि पुढे अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे सरकवून आपली जागा शोधावी. मात्र प्रत्येक फेकीला तीच जागा, हे पक्कं.

खडीसाखर:

मनगटाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

भोवरा आठवा. भोवरा हातानं कुणी गरगर फिरवत नाही, जाळी उलगडून सुटताना तो आपोआप फिरतो. इथे जाळीचं काम बोटं करतात. हात पुढे जाताना चेंडू तळहाताच्या पुढे आणि अंगठ्याच्या बाजूला सरकतो; आधी अंगठा सुटतो, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट आणि शेवटी तर्जनी. ही बोटं चेंडूच्या उजव्या कुशीवरून खाली ओढली जातात आणि तिथूनच फिरकी मिळते. उजव्या हातानं नीट फेकलेला चेंडू फेकणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. तुमचा उलटा फिरत असेल, तर चेंडू बोटांवरून न सुटता हाताच्या बाजूवरून सुटतोय हे नक्की समजा.

म्हणजे मनगट वळतं, पण आपण वळवायचं नसतं. दाराची मूठ फिरवल्यासारखं मुद्दाम फिरवलं की चेंडू सुटण्याआधीच त्याचं टोक बाजूला जातं. मग टोक एकीकडे, प्रवास दुसरीकडे आणि फिरकी तिसऱ्याच अक्षावर. तुम्हाला दिसणारं लटपटणं ते हेच. जोर लावल्यावर ते वाढतं, कारण जोरानं आपण मनगटच जास्त पिळतो.

शेवटी हात कसा थांबला ते पाहा. फेक झाल्यावर तळवा बाहेरच्या बाजूला आणि अंगठा जमिनीकडे असायला हवा, आणि हात तसाच पुढे जाऊन पँटच्या डाव्या खिशाकडे यायला हवा. करंगळी खाली आणि अंगठा वर राहिला, म्हणजे कुऱ्हाड मारल्यासारखा हात आला, तर तो क्रिकेटमधल्या साइड-आर्म थ्रोचा अवशेष आहे. त्यानं कोपराच्या आतल्या बाजूवर ताणही येतो.

फिरकीचा उपयोग भोवऱ्यासारखाच. फिरणारी वस्तू आपला अक्ष सोडत नाही, म्हणून वारा चेंडूला कोलांटी खायला लावू शकत नाही आणि निमुळतं टोक हवा कापत जातं. व्यावसायिक क्वार्टरबॅकच्या (संघातल्या चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) चेंडूला मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्या मिळतात. मुलाला एवढ्याची गरज नाही. दहा यार्डांपर्यंत संथ पण स्वच्छ फिरकी पुरते.

घरी तपासायचा सोपा उपाय: चेंडूच्या एका टोकापासून तीन इंचांवर रंगीत इन्सुलेशन टेपचा एक वेढा घाला. चेंडू नीट फिरत गेला तर तो वेढा हवेत स्थिर कडं दिसतो. लटपटला तर कडं डुलतं. दहा वर्षांच्या मुलाला बोटांचा क्रम तोंडी समजावण्यापेक्षा हे कडं दाखवणं कितीतरी परिणामकारक आहे. फोनचा स्लो मोशन असेल तर बरोबर मागून चित्रण करा. फिरकीची दिशा आणि सुटताना टोक कुठे होतं, दोन्ही दिसतात.

पायवाटकरी:

हातावर सगळं येऊन गेलंय, पण अंतर हातात नसतं. ते पायांतून आणि कमरेतून येतं. उजव्या हाताच्या माणसासाठी लिहितोय, डावरा असेल तर सगळं आरशात पाहावं.

डावा खांदा लक्ष्याकडे, पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, भार थोडा उजव्या पायावर. चेंडू दोन्ही हातांत, उजव्या छातीपाशी, काखेच्या उंचीला. कोपरं सैल लोंबती. चेंडू पोटाशी किंवा मांडीशी धरला की तिथून वर आणण्यात वेळ जातो, आणि सामन्यात पट्टा ओढणारा तोवर पोचतो.

निघताना डावा हात चेंडूला किंचित मागे ढकलतो आणि सुटतो. उजवा हात मागे आणि वर जातो, खाली नाही. क्रिकेटची सवय नेमकी इथे आडवी येते: लांबचा थ्रो करताना हात मांडीपर्यंत खाली जाऊन मोठा झोका घेतो. १६० ग्रॅमच्या चेंडूला ते चालतं. इथे चेंडू अडीचपट जड आणि लांबट. खालून फिरवत आणला की हात उशिरा वर येतो आणि चेंडूचं टोक आकाशाकडे राहतं. कोपर खांद्याच्या उंचीला, काटकोनात. त्याहून मोठा झोका नको. गोलंदाजीसारखा ताठ हात तर मुळीच नको. भालाफेकीशी याचं नातं जास्त जवळचं आहे: कोपर आधी पुढे येतं, हात मागून येतो, आणि फेकायच्या वस्तूचं टोक तिच्या मार्गाच्या रेषेत असावं लागतं.

मग पाऊल. डाव्या पायाचं पाऊल छोटंसं, मुलाला त्याच्या स्वतःच्या बुटाएवढं. लक्ष्य घड्याळात बारावर धरलं तर पायाची बोटं अकराकडे. पाऊल टेकलं की कंबर वळते, कमरेमागून छाती, छातीमागून खांदा, त्यामागून कोपर आणि शेवटी मनगट. हा क्रम मोडला आणि हात आधी निघाला, की कितीही ताकदवान माणसाचा चेंडू पंधरा यार्डांत मरतो.

डावा हात विसरू नका. उजवा पुढे येताना डावं कोपर मुडपून बरगडीशी आणायचं. दाराला बिजागरी लागते तशी डावी कूस घट्ट राहिली की उजवी कूस तिच्याभोवती जोरात फिरते. डावा हात बाहेर भिरकावला की बिजागरीच निखळते आणि चेंडू लक्ष्याच्या डावीकडे जातो.

चेंडू सुटतो कानाच्या वर, कपाळाच्या जरा पुढे.

रानवारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्युनियर माप आणलं, टेपचा वेढा घातला. लटपटणं निम्म्यानं कमी झालं, माझं जरा जास्तच. पण मुलाचा चेंडू अजून उंच आणि उजवीकडे जातो, दहातले सहा-सात तरी. आणि परवापासून तो कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणतो. फेकी रोज शंभराच्या आसपास होत होत्या.

पायवाटकरी:

कोपराचं आधी. फेकणं आजच थांबवा. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाची वाढ चालू असते, तो भाग अजून कूर्चेचा असतो आणि फेकताना नेमका तिथेच ताण पडतो. बेसबॉल खेळणाऱ्या मुलांना होणारं लिटल लीग एल्बो हे दुखणं याच जागेचं. दुखणं पूर्ण जाईपर्यंत विश्रांती, आणि आठवड्याभरात गेलं नाही, सूज आली किंवा हात सरळ होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मलम लावून, पट्टा बांधून फेकणं चालू ठेवू नका. रोज शंभर फेकी दहा वर्षांच्या मुलासाठी फार होतात, त्याही मोठ्यांच्या चेंडूनं सुरू झालेल्या.

आता दिशा. उंच जाण्याचं कारण बहुतेक वेळा लांब पाऊल. मूल जोर यावा म्हणून मोठी ढांग टाकतं. पुढचा पाय दूर पडला की शरीर मागे कलतं, भार मागच्या पायावरच राहतो आणि चेंडू हात वर चढत असतानाच सुटतो. पाऊल अर्धं करा, चेंडू खाली येईल. फेक संपल्यावर उजवी टाच उचललेली आहे का ते पाहा. जमिनीला चिकटलेली असेल तर भार पुढे आलेलाच नाही.

उजवीकडे जाण्याचं कारण डाव्या पायाची जागा. अंगणात किंवा ड्राइव्हवेवर खडूनं लक्ष्याकडे जाणारी एक रेघ मारा, मुलाचा उजवा पाय रेघेवर. डावा पाय रेघेवर किंवा तिच्या दोन-तीन इंच डावीकडे पडला पाहिजे. तो रेघ ओलांडून उजवीकडे पडत असेल तर कंबर अडकते, छाती लक्ष्याकडे येतच नाही आणि चेंडू उजवीकडे निसटतो. काही मुलं मग भरपाई म्हणून हात अंगावरून आडवा ओढतात आणि पुढचा चेंडू डावीकडे जातो. एकदा इकडे, एकदा तिकडे असं होऊ लागलं की हात सुधारत बसू नका, परत रेघेकडे या. सगळा जोर हाताला लावायला लागतो म्हणून कोपरही दुखतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी आहे.

उरलेल्या दोन चुकाही सांगून ठेवतो. चेंडू समोर जमिनीत जात असेल तर तो उशिरा सुटतोय किंवा पाऊल पडण्याआधीच अंग पुढे झुकतंय. आणि टोक वर करून तरंगत जाऊन लवकर पडत असेल, तर मनगट मागे मोडलेलं राहतंय आणि तर्जनी चेंडूमागे न राहता खालून ढकलतेय.

दुर्वांकुर:

सरावाचा क्रम देते. कोपर पूर्ण बरं झाल्यावरच.

पहिलं, पाठीवर झोपून. चेंडू छातीवर, पकड नेहमीची, आणि तीन फूट सरळ वर फिरवून सोडायचा. तो त्याच हातात, त्याच जागी परत आला पाहिजे. इथे पाय नाहीत, कंबर नाही, फक्त बोटं. चेंडू डोक्यामागे किंवा पोटावर पडला तर तर्जनी शेवटची सुटत नाहीये. दिवाणखान्यात गालिच्यावरही करता येतं आणि कोपराला जवळजवळ ताण नाही. पंधरा-वीस वेळा पुरे.

दुसरं, उजवा गुडघा जमिनीवर टेकून, डावं पाऊल पुढे, पाच यार्डांवर जोडीदार. पाय बंद झाल्यामुळे खांदे फिरवावेच लागतात आणि कोपर खाली पडलं तर लगेच कळतं. दहा फेकी.

तिसरं, उभं राहून, पाऊल न टाकता. पाय खडूच्या रेघेवर आधीच ठेवलेले, फक्त भार मागून पुढे. दहा फेकी, सात यार्ड.

चौथं, पाऊल टाकून पूर्ण फेक. सात यार्डांपासून सुरुवात. दहातल्या आठ फेकींत टेपचं कडं स्थिर दिसलं आणि चेंडू जोडीदाराच्या छातीच्या आसपास आला, तरच दोन यार्ड मागे सरका. पाच-सहाच आल्या तर आहे तिथेच थांबा. वीस फेकी पुरे.

एकूण चाळीसच्या आसपास होतात आणि झोपून केलेल्या त्यात धरायच्या नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, दोन सरावांमध्ये एक दिवस मोकळा. आधी पाच मिनिटं पळणं, खांद्यांची वर्तुळं, मग तीन-चार यार्डांवर अगदी हलक्या पाच-सहा फेकी. थंड हातानं पहिलीच फेक लांबवर करणं हे खांदा दुखण्याचं सर्वांत सरळ कारण.

कोपर सारखं खाली पडत असेल तर समोर छातीच्या उंचीचं काहीतरी आडवं हवं, उदाहरणार्थ बॅडमिंटनचं जाळं. सहा फुटांवर उभं राहून जाळ्यावरून फेकायचं, पण फार उंच नाही. कोपर वर घ्या असं शंभरदा ओरडण्यापेक्षा जाळं जास्त लवकर शिकवतं.

आणि झेलणाऱ्याचंही बघा, कारण समोरचा माणूस झेल सोडत राहिला की फेकणारं मूल बिचकून हळू फेकतं आणि फिरकी जाते. चेंडू छातीच्या वर असेल तर दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जवळ आणून मध्ये त्रिकोण करायचा, त्या त्रिकोणातून चेंडूचं टोक बघायचं. कमरेखाली असेल तर करंगळ्या जवळ, तळवे वर. क्रिकेटमधल्यासारखी ओंजळ छातीशी लावून झेलायला गेलं तर टोक बोटांवर बसतं. बोटांनी झेलायचा आणि मग काखेत घ्यायचा.

आडवाट:

दुर्वांकुर, उजवा गुडघा खाली हे काही जणांना उलटं वाटेल. डावा खाली ठेवून शिकवणारेही आहेत. तसं ठेवलं तर कंबर लवकर उघडते, पण लहान मुलं तोल जाऊन डावीकडे कलतात.

दुर्वांकुर:

बरोबर. म्हणूनच सुरुवातीला उजवा. तोल सांभाळणं जमल्यावर आठ-दहा फेकी डावा खाली ठेवूनही करून पाहाव्यात, दोन्हींतला फरक अंगाला कळतो.

खडीसाखर:

एक गोष्ट जोडतो. मुलं टीव्हीवर क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सच्या बाजूनं, पळता पळता मारलेल्या फेकी पाहतात आणि तेच करतात. त्याचे वडील बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये पिचर (चेंडू टाकणारे) होते, तो स्वतः बेसबॉल खेळत मोठा झाला, आणि त्या फेकीखाली वर्षानुवर्षांची सरळ फेक आहे. दहा वर्षांच्या मुलानं सहा महिने तरी कोपर खांद्याच्या खाली येऊ देऊ नये.

मुलगा डावरा असता तर फिरकी उलट दिशेनं गेली असती आणि झेलणाऱ्यांना काही दिवस वेगळी वाटली असती, एवढाच फरक. व्यावसायिक क्वार्टरबॅक तुआ टागोव्हायलोआ डावराच आहे. डावऱ्या मुलाला उजव्यानं फेकायला लावू नका, हे इतर वाचणाऱ्या पालकांसाठी.

रानवारा:

रेघेवर पाय ठेवून पाहिलं, चेंडू हातात न घेता नुसती हालचाल. डावा पाय प्रत्येक वेळी रेघ ओलांडून उजवीकडेच पडतो. कारण सापडलं असं वाटतंय. फेकणं बंद आहे, झोपूनचा सराव दुखणं गेल्यावर सुरू करीन. पण फ्लॅगसाठी लांब फेक लागत नाही का? त्याचे मित्र वीस-पंचवीस यार्ड फेकतात, त्यामुळे तो घायकुतीला आलाय.

पायवाटकरी:

लागत नाही, आणि हे त्याला नीट समजावून सांगा. फ्लॅगमध्ये एका बाजूला पाच खेळाडू, टॅकल नाही, कमरेचा पट्टा ओढला की चाल संपली. आंतरराष्ट्रीय नियमांचं मैदान ५० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन, म्हणजे चेंडू पोचवून गुण मिळवायची जागा. मुलांच्या बहुतेक लीगमध्ये चेंडू सात सेकंदांच्या आत फेकावा लागतो. एवढ्या वेळात आणि जागेत बहुतेक पास पाच ते दहा यार्डांचे असतात. सात यार्डांवर पळणाऱ्या मित्राच्या छातीच्या एक हात पुढे चेंडू टाकणारा मुलगा कुठल्याही संघाला हवा असतो. पंचवीस यार्ड फेकणाऱ्याचा चेंडू मोकळ्या गवतात पडला तर त्याचा उपयोग नाही.

म्हणून उभ्या जोडीदाराकडे फेक बसली की पुढची पायरी अंतराची नाही, हलत्या जोडीदाराची. तुम्ही त्याच्यासमोरून डावीकडून उजवीकडे चालत जा, पळू नका. तो चेंडू तुमच्याकडे नाही, तुम्ही दोन पावलांनी जिथे असाल तिथे टाकेल. मग जलद चाल, मग धाव. डाव्या पायाची बोटं आता त्या पुढच्या जागेकडे वळलेली हवीत. पाय जुन्या जागेकडे आणि हात नव्या जागेकडे, असं झालं की परत उजवी-डावी गडबड सुरू.

त्याला हेही सांगा की हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच पदकासाठी खेळला जाणार आहे, आणि तसा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. क्रिकेटला परत घेण्याचा निर्णयही त्याच अधिवेशनातला. घरातले दोन्ही खेळ एकाच बैठकीत आत आले.

आडवाट:

थंडीचं राहिलं. फेब्रुवारीत गॅरेजमध्ये ठेवलेला चेंडू बाहेर काढाल तेव्हा तो मऊ लागेल. गळत नसतो, तापमान दहा अंश सेल्सिअसनं उतरलं की आतला दाब साधारण एक पीएसआय कमी होतो. चेंडू घरात ठेवा, आणि हवा भरायचीच असेल तर तो ज्या थंडीत वापरणार त्या थंडीत अर्धा तास ठेवून मग मोजून भरा. गार चेंडूचं आवरण कडक आणि निसरडं होतं, बोटंही बधिर असतात, त्यामुळे अशा दिवशी टेपचं कडं डुललं तर लगेच पकड बदलायला जाऊ नका. पाच अंशांच्या खाली असेल तर त्या दिवशी आत, गालिच्यावर झोपून वीस वेळा वर सोडा.